वेल्वेट : वाक्यात उपयोग करा

"कालवड आली रे! पाटलाची कालवड सुटली!"

पोळ्याचा दिवस. वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं. त्याच्याखाली गावची बैलं ओळीनं उभी. पहिल्या मानाला पाटलाची जोडी, बादशा आणि वजीर. शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळा, पाठीवर मखमलीची झूल. डाळिंबी रंग. कडेनं चंदेरी गोटा.

आणि त्या जोडीच्या समोर, बघ्यांच्या अगदी पुढं, मी. सातवीतली पोरगी. अंगात फ्रॉक. डाळिंबी मखमलीचा. कडेनं चंदेरी गोटा.

तेच कापड. तोच गोटा.

कोण ओरडलं ते मला आजही माहीत नाही. पण सगळी वेस हसली. बाया पदर तोंडात घालून हसल्या. पोरं बोटं दाखवून हसली. डफडं वाजवणारा थांबला आणि त्यानंही मान वळवून पाहिलं. आमच्या वस्तीतलेही दोघं-तिघं हसले, ते मी नीट पाहून ठेवलं. बादशाचा कासरा माझ्या बापाच्या हातात होता. बापानं मान खाली घातली. मी त्याच्याकडं बघत होते, तो माझ्याकडं बघत नव्हता.

मी पळाले नाही. पळायला पाहिजे होतं असं किती दिवस वाटायचं. आता वाटत नाही.

मी कोण ते सांगते. आमचं गाव मोताळा तालुक्यात, धामणगाव बढ्याच्या अलीकडं. आमची घरं गावाच्या कडेला, विहाराच्या भोवती. बाप पाटलाकडं सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. पाटलाची बैलं तोच चारायचा, तोच धुवायचा, पोळ्याला तोच सजवायचा. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावून त्याच्या कानात सांगायचं असतं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." ते आवतणही पाटलाच्या वतीनं माझा बापच द्यायचा. आता मी बुलढाण्यात राहते, शिलाईचं दुकान चालवते, बऱ्यापैकी शुद्ध बोलते. पण ह्या गोष्टीवर आले की जीभ सरळ गावात जाते. जाऊ द्या. तिले बी बोलू द्या.

माय शिवायची. मामानं दिलेली जुनी, पायाची मशीन होती घरात. त्या वर्षी पाटलीणबाईनं मलकापूरहून मखमल आणली आणि झुली शिवायला मायकडं दिली. अंगणात लांब उभी राहून दिली. बोली केली, "शिलाई काई देणार नाई. उरलंसुरलं कापड तुह्यं." माय म्हणाली, "हाव बाईसाहेब." शिवणाऱ्याला कतरण मिळते, ही रीतच होती. त्यात काही वावगं नव्हतं.

मखमल शिवणं सोपं नाही. तिला लव असते. एका बाजूनं हात फिरवला की रंग गडद, उलटा फिरवला की फिका. जोडताना सगळ्या तुकड्यांची लव एकाच दिशेनं धरावी लागते. झुलीची मायनं धरली. फ्रॉकला कुठून धरणार? उरले होते ते तुकडे, कुठला आडवा, कुठला तिरपा. म्हणून माझा फ्रॉक जागोजागी गडद, जागोजागी फिका. मायनं वरून उरलेला गोटा लावला. मला घालून मागंपुढं फिरवलं आणि म्हणाली, "बाप्पा! राजाची पोरगी दिसून राह्यली."

पोळ्याला सगळं गाव नवं घालतं. म्हणून तिनं तो पोळ्यालाच घालायला दिला. झूल तिनंच शिवली, फ्रॉकही तिनंच शिवला. पण दोन्ही एकाच दिवशी, एकाच वेशीत उभं राहणार, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. तिच्या डोळ्यांपुढं बैल नव्हताच. पोरगी होती.

अजून एक राहिलं. झुली शिवून झाल्या, तेव्हा त्या पोचवायला मी मायसोबत गेले होते. पाटलीणबाईनं त्या ओट्यावर ठेवायला लावल्या. आतून तांब्या आणला. गोमूत्र शिंपडलं. आमच्या घरून आलेलं कापड, आमच्या हातचं. ते आधी शुद्ध केलं, मगच बैलाच्या पाठीवर टाकलं.

बैलाच्या पाठीवर. परत वाचा पाहिजे तर.

तर तोरण तुटलं. बैलं घरोघर निघाली. पाटलाची जोडी पाटलाच्या अंगणात, आणि मी बापाच्या मागं. पोळ्याला सालदाराच्या घरच्यांचं जेवण मालकाकडं असतं. त्या दिवशी मालक सालदाराला नवे कपडेही देतो. बापाला धोतर आणि दुपट्टा मिळाला होता. कोरा दुपट्टा, खांद्यावर टाकलेला, घडीचे मोड अजून दिसत होते.

बैलांचे पाय धुतले. कुंकू लावलं. पुरणपोळी चारली. बैलं ओसरीच्या पायरीपर्यंत गेली. आम्ही गोठ्याच्या कडेला थांबलो. तेवढ्यात पाटलीणबाईची नजर माझ्यावर पडली. माझ्याशी ती बोललीच नाही. बापाला म्हणाली,

"त्या पोरीच्या अंगात काय हाये?"

"बाईसाहेब, ते उरलेलं कापड..."

"उरलेलं म्याच देल्लं, माहीत हाये मले. पण त्याचं हे? बैलाचा मान हाये तो. माणसानं घालाचं कापड हाये का ते? झाक तिले. पाव्हणे येऊन राह्यले."

बापानं खांद्यावरचा दुपट्टा काढला. माझ्या गळ्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळला. पाटलानं दिलेल्या दुपट्ट्यानं बापानं मले झाकलं. स्वतःच्या हातानं. गाठ त्यानं घट्ट मारली.

मग मला पत्रावळीवर पुरणपोळी वाढली. मी खाल्ली. गोड लागली. सगळ्यात जास्त राग मले त्याचाच येते.

माझं नाव त्या दिवशी गेलं. मी कालवड झाले. पाण्याला गेले की कालवड, दुकानात गेले की कालवड. पोरं मागून हंबरायची.

आमचे इंग्रजीचे सर बाहेरगावचे. पाटलाच्या माडीवर राहायचे, जेवायलाही तिथंच. पाटील शाळेच्या समितीवर. म्हणजे काय ते समजून घ्या. पोळ्यानंतर थोड्याच दिवसांत सरांनी एक धडा घेतला, कुठल्या तरी राजाचा. त्यात शब्द आला. सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला. वेल्वेट.

"वेल्वेट म्हणजे मखमल. राजेरजवाडे वापरत. कोणी पाहिली आहे का?"

मागून एक पोरगं ओरडलं, "सर, कालवडीनं घातली होती पोळ्याले!"

वर्ग फुटला. सरही हसले. पोळ्याच्या दिवशी ते ओसरीवर पहिल्या पंगतीत होते, त्यांनी सगळं पाहिलं होतं. रुमालानं डोळे पुसत म्हणाले, "अरे हो की! मग हिलाच विचारू. ऊठ. वेल्वेटचा वाक्यात उपयोग कर."

मी उठले. इंग्रजी माझं यथातथाच. पण शब्द मनात जुळवले. आणि बोलले, "माय मदर मेड वेल्वेट फ्रॉक."

मला आजही वाटतं, चांगलं वाक्य होतं.

सर म्हणाले, "मेड नाही. गॉट. दुसऱ्याकडून मिळालं, मागून आणलं, की गॉट म्हणायचं." आणि त्यांनी फळ्यावर लिहिलं, माय मदर गॉट वेल्वेट फ्रॉम पाटील. खाली रेघ ओढली. "उतरवून घ्या सगळ्यांनी. परीक्षेत येईल."

सगळ्या माना वह्यांवर वाकल्या. माझ्या शेजारी माझी चुलत बहीण बसायची. तिनंही उतरवलं. प्रत्येकाच्या वहीत माझी माय गेली. मागून आणणारी माय.

मी जागेवरून निघाले. फळ्यापाशी गेले. तळहातानं 'गॉट' पुसला.

सरांनी मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, त्याची सवय होती. ते अगदी हळू म्हणाले, "उद्या वडिलांना घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी बाप आला. चपला बाहेर काढल्या, दारात उभा राहिला. खांद्यावर तोच दुपट्टा. फळ्यावर वाक्य पुन्हा लिहिलेलं. सर म्हणाले, "तुमच्या मुलीनं फळा पुसला. तिला हे वाक्य वहीत लिहायला सांगा. मग विषय संपला."

बापाला वाचता येत नव्हतं, मराठीही नाही. त्यानं मला विचारलं, "काय लिहेल हाये वं?"

मी सांगितलं, "लिहेल हाये का, मायनं पाटलाकडून मखमल मागून आणली."

बाप फळ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "सर, मागून नाई आणली. शिलाईच्या बदल्यात हाये ते."

"असं? मग बाईसाहेबांनाच बोलावू का? समोरासमोर विचारून घेऊ."

वर्गाच्या खिडकीतून पाटलाचं घर दिसायचं. बापानं एकदा तिकडं पाहिलं. मी त्याला पाहत होते. त्याचा चेहरा उतरला. अगदी बैलाच्या पाठीवरून झूल ओढून घ्यावी, तसा.

"जाऊ द्या सर," तो म्हणाला. "लेकरू हाये." आणि माझ्याकडं वळला. "लिही बाई माही. दोन अक्षरं त हायेत."

"मी नाई लिहीत."

तोंडातून निघालं आणि मीच दचकले. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला तरी नाही म्हटलं, आणि ते नेमकं बापाला म्हटलं. त्याचं मला वाईट वाटतं. पण नाही म्हटल्याचं वाईट वाटत नाही. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला फार उशिरा कळलं.

घरी बाप ओट्यावर बसला. मायला म्हणाला, "साल जाईन माह्यं. तुह्या पोरीपायी." मायनं मला जवळ घेऊन विचारलं, "काय लिहाले सांगत होते?" मी पुन्हा सांगितलं. ती ऐकून उठली आणि भाकरी टाकायला बसली. मला वाटलं, झालं, हीसुद्धा सांगणार, लिही म्हणून.

सकाळी उठले, तर चुलीपाशी फ्रॉक. उलटा केलेला. माय पितळी तांब्यात निखारे भरून आतल्या बाजूनं इस्त्री करत होती. वरून केली तर मखमलीची लव मरते.

"घाल."

"माय, शाळेत युनिफॉर्म लागते."

"माहीत हाये मले. घाल. म्या शिवला हाये."

बाप दारात उभा होता. त्याचा हात खांद्यावरच्या दुपट्ट्याकडं गेला. माय त्याच्याकडं नुसती बघत राहिली. मग तो बैलं सोडायला निघून गेला.

मी भर सकाळी गावातून चालत गेले. पाटलाच्या दारावरून गेले, वाकडी वाट असूनही. पोरं हंबरली. हंबरू देल्ली. पाटलीणबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिनं पाहिलं. मीही पाहिलं. काय झालं असतं? धरणी फाटली नाही.

वर्गात शिरले, तर सर म्हणाले, "हा काय तमाशा आहे?"

मी रस्ताभर वाक्य घोकत आले होते. म्हटलं, "सर, माय मदर स्टिच्ड धिस." मग दुसरं. "बुलक वेल्वेट, माय मदर स्टिच्ड दॅट ऑल्सो." आणि मराठीत विचारलं, "हे चुकलं का सर?"

ते म्हणाले, "बाहेर."

मी बाहेर. शाळेच्या ओसरीत उभी. भादव्याचं ऊन आणि अंगात मखमल. घामानं पाठ चिंब झाली, गोटा गळ्याला टोचत होता. घरी जा असं मला कोणी म्हटलं नाही. मीही गेले नाही. शाळा सुटेपर्यंत तशीच. येणारे-जाणारे बघत होते. बघा म्हटलं, नीट बघा. लव कुठं उलटी, कुठं सुलटी, तेही बघा.

ही काही जिंकल्याची गोष्ट नाही. कोणी माझी माफी मागितली नाही. त्या वर्गातल्या वह्यांमध्ये ते वाक्य तसंच राहिलं. परीक्षेत शब्द आला, सगळ्यांनी तेच लिहिलं आणि गुण मिळवले. मी माझं वाक्य लिहिलं, त्यावर लाल फुली. आणि पाडव्याला पाटलानं बापाला सांगितलं, "पुढच्या सालाले दुसरा गडी पाह्यला." एवढंच. आवाजही चढवला नाही.

आम्ही मलकापूरला आलो. बाप बाजारात हमाली करू लागला. मायनं मशीन सोबत आणली होती. तिथल्या शाळेत मी पहिल्यांदा डिक्शनरी हातात घेतली आणि आधी तोच शब्द काढला. वेल्वेट : एका बाजूला दाट, मऊ, आखूड लव असलेलं कापड. मी दोनदा वाचलं. हे कापड कोणी घालायचं नाही, असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. अर्थ पुस्तकात होता. उपयोग तेवढा आमच्या गावानं ठरवला होता.

पुढं इंग्रजी घेऊन बी.ए. केलं. नोकरी लागली नाही, शिलाई लागली. बुलढाण्यात दुकान टाकलं. आता लग्नसराईत मखमली ब्लाऊजची चलती आहे. चांगल्या घरच्या बाया येतात, कापड काउंटरवर ठेवतात आणि विचारतात, "वेल्वेट जमेल ना तुम्हाला? महागाचं आहे हो." मी म्हणते, "जमेल." आणि आतमध्ये काहीतरी खदखदतं. कात्री हातात असते म्हणून बरं, हाताला काम असतं.

माय गेली. फ्रॉक माझ्याकडं आहे. बाप माझ्याजवळच असतो. पाटलाचा तो दुपट्टा विरून गेला, पण त्यानं तसाच दुसरा घेतला, मग तिसरा. दुकानात कोणी बडं माणूस आलं आणि मी जरा तोंड वर करून बोलले, की त्याचा हात खांद्याकडं जातो. त्याला कळतही नाही. मला कळतं. माझं डोकं फिरतं. त्याच्यावर नाही. पण फिरतं.

आता परवा फोन आला. पाटलाचा नातू. बोलणं गोड, शहरी.

"ताई, यंदा गावात पोळ्याची स्पर्धा ठेवली आहे. आता बैलं राहिली नाहीत हो, ट्रॅक्टर आहेत. पण एक जोडी आणतोय खास. व्हिडिओ करायचा आहे. तुमच्या आईंनी शिवलेली झूल आजीनं अजून पेटीत जपून ठेवली आहे. ती आता जीर्ण झाली. तशीच नवी तुम्ही शिवून द्या ना. तुमचा सत्कारही करू."

झूल जपून ठेवली आहे. डांबरगोळ्या घालून ठेवली असणार.

मी विचारलं, "गोमूत्र शिंपडाल काय तिच्यावर?"

तो हसला. "काय ताई! ते सगळं जुनं झालं."

"आजी आहेत ना अजून? त्यांना विचारून सांगा."

"आजीचं वय झालं. तिचं काय मनावर घ्यायचं?"

"म्हणजे शिंपडतीन."

मग तो म्हणाला, "ताई, तुम्हाला कोणी काही बोललं होतं का?"

घ्या! ह्याले माहीतच नाई. ह्याच्या घरात कोणी सांगितलंच नाही. सगळ्या गावानं ज्याच्यावर पोट धरून हसून घेतलं, ते ह्याच्या कानावरच नाही. आमच्या घरात ते रोजच्या भाकरीसोबत होतं.

म्हटलं, "झूल मी शिवत नाही. पण पोळ्याला येते."

"या ना! नक्की या!" तो खुश झाला. त्याला वाटलं, सत्काराला येते.

फोन ठेवल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. ब्लाऊजची बाही उलटी लावली, उसवली, पुन्हा लावली. पोरी विचारतात, "मॅडम, काय झालं?" काय सांगू? शेवटी मी उठले, बाजारात गेले, मखमल घेतली. डाळिंबी. दुकानदारानं दुसरे रंग दाखवले. म्हटलं, नको, हाच. चंदेरी गोटा घेतला. घरी येऊन स्वतःसाठी पोलकं कापलं. ह्या वेळी तुकडे जोडले नाहीत. अख्ख्या कापडातून कापलं, सगळी लव एका दिशेनं.

पोळ्याला मी ते घालून वेशीत उभी राहणार आहे. तोरणाखाली, पहिल्या मानाच्या जोडीच्या समोर, तिथंच. सत्कार घेणार नाही. माईक दिला, तर एकच सांगणार, माझ्या मायनं मखमल मागून आणली नव्हती, तिनं ती शिवली होती. तुमच्या बैलासाठी बी तिनंच शिवली होती. आधी मराठीत सांगीन, मग इंग्रजीत. नाही दिला माईक, तर तशीच ओरडीन. ज्याले हसायचं त्यानं हसावं. आता मी सातवीतली नाही.

बाप सगळं ऐकत होता. म्हणाला, "काऊन जातं वं बाई? झालं गेलं. कोणाले याद हाये आता?"

"मले हाये."

"लोकं काईबाई बोलतीन."

"बोलू द्या. बाबा, तुमाले यायचं असलं त चला, माह्या सोबत उभे राहा. पण दुपट्टा घरी ठेवून चला."

त्याचा हात खांद्याकडं गेला. मी तो हात तिथंच धरला आणि खाली घेतला.

तो आला तर दोघं जाऊ. नाही आला, तर मी एकटी जाईन.